पुढे गेलेल्या मित्राची जबाबदारी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे विद्यार्थी आज या सभागृहात मोठ्या संख्येनं आले आहेत. एकाच वर्गात, एकाच बाकावर शिकलेली माणसं इथं शेजारी शेजारी बसली आहेत. त्यांतले काही आज बंगल्यात राहतात, काही भाड्याच्या दोन खोल्यांत. काहींची मुलं परदेशी स्थिरावली, काहींची अजून स्पर्धा परीक्षांच्या निकालांकडे डोळे लावून बसली आहेत. एका बाकावरून उठलेल्या माणसांचं पुढे एकमेकांशी काय होतं? मित्रामित्रांत पैशाची, मानाची आणि दिखाव्याची चढाओढ का लागते, आणि तिची किंमत कोण मोजतं? आज मला याबद्दल बोलायचं आहे.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. पगारदार सेवकांच्या एका सहकारी पतसंस्थेत मी दीर्घकाळ कर्ज विभाग सांभाळला. माणसाचा पगार किती, त्यातून कपात किती आणि हातात उरतं किती, हे पुष्कळदा त्याच्या जिवलग मित्राला ठाऊक नसतं. पण कर्ज विभागातल्या माणसाला ठाऊक असतं. त्या खुर्चीतून जे दिसलं, ते तुमच्यापुढे ठेवतो. मुद्दे चार आहेत. आपण बरोबरी नेमकी कुणाशी करतो? या बरोबरीपायी पैशाचं काय होतं? मैत्रीचं काय होतं? आणि चौथा, माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचा मुद्दा: ही चढाओढ थांबवायची कुणी?

पहिला मुद्दा. मुंबईत एखाद्या उद्योगपतीनं सत्तावीस मजल्यांचं घर बांधलं, म्हणून तुमची झोप उडाली का? नाही उडाली. आपण ते घर कुतूहलानं पाहतो आणि विसरतो. पण आपल्याबरोबर बी.एड. केलेल्या, आपल्याच महिन्यात नोकरीला लागलेल्या मित्रानं चारचाकी घेतली, की त्या रात्री जेवताना घरात तो विषय निघतोच. बायको काही बोलत नाही, मुलगा एवढंच विचारतो, ‘काकांना कसं जमलं?’ तो प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाही.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्ये हे शास्त्राच्या भाषेत मांडलं. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी ताडून पाहत; फार वरच्याशी नाही, फार खालच्याशी नाही. आणि आपल्यासारखा माणूस म्हणजे कोण? मित्र. वय तेच, शाळा तीच, सुरुवात तीच. म्हणून त्याचं यश आपल्याला दुसऱ्या कुणाचं यश वाटत नाही. ते आपल्याच आयुष्यात घडू शकलं असतं आणि घडलं नाही, असं वाटत राहतं. ही बोच वाईट माणसालाच लागते असं समजू नका. ती चांगल्या, प्रेमळ, एरवी मित्रासाठी रात्री-अपरात्री धावून जाणाऱ्या माणसालाही लागते.

नेदरलँड्समध्ये एक लॉटरी आहे, तिथं बक्षीस पिनकोडला लागतं. एका गल्लीचा पिनकोड निघाला, की तिथल्या तिकीटवाल्यांना प्रत्येक तिकिटामागे हजारो युरो मिळतात आणि एकाला नवीकोरी गाडी. ज्यांनी तिकीट घेतलंच नव्हतं, त्यांना काही नाही. संशोधकांनी या लोकांचा अभ्यास केला. तो 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. काय आढळलं? विजेत्याच्या अगदी शेजारी राहणाऱ्या, स्वतः एक पैसाही न जिंकलेल्या घरांत गाड्या घेण्याचं प्रमाण वाढलेलं होतं. कॅनडातल्या अशाच एका अभ्यासात पुढची पायरी दिसली. लॉटरीचं बक्षीस जितकं मोठं, तितकं विजेत्याच्या शेजाऱ्यांत दिवाळं निघण्याचं प्रमाण जास्त. आणि दिवाळं निघालेल्यांच्या कागदपत्रांत सापडलं काय? घर, गाडी, अशा दिसणाऱ्या वस्तूंवरचा वाढीव खर्च. रोख शिल्लक, निवृत्तीची पुंजी अशा न दिसणाऱ्या गोष्टींत मात्र तशी वाढ नव्हती. हे लक्षात ठेवा. बरोबरी होते ती दिसणाऱ्या गोष्टींची. मित्राची मुदत ठेव आपल्याला दिसत नाही, त्याचं कर्ज दिसत नाही, त्याला रात्री लागणारी झोपेची गोळी दिसत नाही. दिसतो तो बंगला. आणि आपण आपलं सगळं आयुष्य त्याच्या दिसणाऱ्या अर्ध्या आयुष्याशी ताडून पाहतो.

आता दुसरा मुद्दा, पैशाचा. पतसंस्थेच्या कर्ज मागणी अर्जात एक रकाना असतो, ‘कर्जाचे कारण’. सगळ्यात जास्त वेळा तिथं लिहिलेलं असतं ‘घरदुरुस्ती’. त्याखालोखाल ‘शैक्षणिक खर्च’ आणि ‘वैद्यकीय’. अर्जदार समोर बसलेला असायचा, मी त्याला चहा सांगायचो, आणि दहा मिनिटांत खरं कारण बाहेर पडायचं. मुलीचं लग्न. लग्नासाठी आधीच काढलेलं एक कर्ज असायचं, पण मित्राच्या मुलीचं लग्न लॉनवर झालं होतं, त्यामुळे आता कार्यालय चालत नव्हतं. घराचं बांधकाम पूर्ण झालेलं असायचं, पण वास्तुशांतीला तीनशे माणसं बोलवायची होती. ‘साहेब, लोक काय म्हणतील’ असं तो म्हणायचा. लोक म्हणजे कोण, असं विचारलं की चार-पाच नावं निघायची. ती चार-पाच माणसं त्याचे मित्रच असायचे.

आपल्या लग्नांकडे बघा. साखरपुडा एके काळी घरच्या बैठकीत, पोहे आणि पेढ्यांवर उरकत होता. आज त्याला हॉल लागतो. हळद अंगणात लागत होती, तिला आता स्वतंत्र मंडप, पिवळे कपडे आणि डीजे लागतो. त्यात संगीत आलं, प्री-वेडिंग शूट आलं, ड्रोन आला. यातली कुठली गोष्ट कुठल्या धर्मग्रंथात सांगितली होती? कुठलीच नाही. एकानं केली, दुसऱ्यानं मागे पडू नये म्हणून केली, आणि तिसऱ्या लग्नापर्यंत तो रिवाज झाला. बायकांच्या हळदीकुंकवातही हेच झालं. वाण म्हणून एखादा नारळ, सुगड, गुळाचा खडा पुरत होता. आता मैत्रिणीनं गेल्या वर्षी काय दिलं होतं ते आठवून वाण ठरतं.

आणि शेवटी हाती काय लागतं? फ्रेड हर्श नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1976 मध्ये एक गोष्ट सांगितली, ती या सभागृहात बसून सहज पटेल. पुढच्या रांगेतला माणूस नीट दिसावं म्हणून टाचा उंचावून उभा राहिला, तर मागच्यांना उभं राहावं लागतं. थोड्या वेळानं सगळं सभागृह टाचांवर उभं असतं. कुणालाही आधीपेक्षा जास्त दिसत नाही, पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. आपल्या लग्नांचं हेच झालं आहे. दहा मित्रांनी दहा लाख कर्ज काढून दहा लग्नं केली, तरी त्यांचा आपापसातला क्रम होता तिथंच राहतो. वाढतात ते फक्त हप्ते.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत याची सावली दिसते. भारतीय कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत, म्हणजे ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी वगैरे धरून आणि कर्ज वजा करून जे उरतं ते, बरीच वर्षं सकल देशांतर्गत उत्पादनाच्या साधारण 7 ते 8 टक्के होती. 2022-23 मध्ये ती सुमारे 5 टक्क्यांवर आली. न्यायानं बोलायचं तर यातलं काही कर्ज राहत्या घरासाठी आहे, आणि घर ही मालमत्ताच आहे. महागाई आहे, शिक्षण आणि दवाखाना महागला आहे. सगळा दोष चढाओढीवर टाकता येणार नाही. पण कर्जाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, की गरजेचं कर्ज माणूस मोजून मागतो. बरोबरीचं कर्ज मागताना तो मर्यादेइतकं सगळंच मागतो.

हे आपल्या समाजधुरिणांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी भटजीशिवाय, अगदी थोड्या खर्चात लग्न लावून दाखवलं. गाडगेबाबांच्या मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली होती. कर्ज काढून लग्न-जेवणावळी करू नका, हे बाबा आयुष्यभर गावोगाव कीर्तनातून सांगत राहिले. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत. स्वतःच्या मुलीच्या बारशाला जातीचा रिवाज दारू-मटणाच्या जेवणाचा होता. त्यांनी तो मोडला आणि गोडाचं जेवण दिलं. आपल्याच भाऊबंदांसमोर, पंगतीत, तोंडावर रिवाज मोडायला काय लागत असेल याचा विचार करा. परक्यासमोर धैर्य दाखवणं सोपं असतं. आपल्या माणसांत कमी दिसण्याचं धैर्य फार थोड्यांकडे असतं.

आता तिसरा मुद्दा. पैसा गेला तर परत मिळवता येतो. पण या चढाओढीत मैत्रीचं काय होतं?

पगारदारांच्या पतसंस्थेत जामीनकीचं कर्ज असतं. कर्जदाराला दोन जामीनदार द्यावे लागतात, आणि माणूस जामीनदार म्हणून कुणाला आणतो? मित्राला. एका शाळेत दोन शिक्षक होते. एकाच वर्षी लागलेले, एकाच गाडीवरून शाळेत येणारे, प्रत्येक कर्जाला एकमेकांचे जामीनदार. एकानं प्लॉट घेऊन बंगला बांधला. पुढच्या दोन वर्षांत दुसऱ्यानंही प्लॉट घेतला. एकाच्या मुलाला लातूरला शिकवणीला ठेवलं, म्हणून दुसऱ्याचाही गेला. दोघं माझ्यासमोर हसत बसायचे, एकमेकांच्या अर्जावर सह्या करायचे. पण बंगलेवाल्या शिक्षकानं आणखी दोन ठिकाणांहून खासगी कर्ज उचललं होतं, आणि ते त्यानं या मित्राला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं? कारण ज्याच्यापुढे आपण वरचढ दिसतो आहोत, त्याच्यापुढे आपण बुडतो आहोत हे कसं सांगायचं?

पुढे हप्ते थकले. खासगी कर्ज देणाऱ्यांनी पगाराला आधीच हात घातला होता, आमच्या कपातीला काही उरेना. संस्थेनं सहकार कायद्याच्या कलम 101 खाली वसुलीचा दाखला घेतला आणि जामीनदाराच्या पगारातून कपात सुरू झाली. तो मित्र पगारपत्रक हातात घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. मला वाटलं, भांडेल, शिव्या देईल. त्यानं कपातीच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘पैशाचं काही नाही हो. त्यानं मला आधी सांगितलं असतं, तर मी माझा प्लॉट विकून त्याला दिले असते. तसाही तो प्लॉट मी त्याच्यासारखं दिसायला घेतला होता.’

दोघांनी एकमेकांसाठी जे उभं केलं होतं, ते दोघांनाही नको होतं. आणि ते एकमेकांना सांगता येत नव्हतं. ही या चढाओढीची खरी किंमत. मित्र म्हणजे ज्याच्यापुढे खरं बोलता येतं तो. चढाओढ लागली की सर्वांत आधी त्याच्यापुढचंच खरं बोलणं थांबतं. मग तो आपला प्रेक्षक होतो, आपली मोजपट्टी होतो. मित्र उरत नाही.

आपल्या महाभारतानं ही गोष्ट फार मोठ्या पटावर सांगून ठेवली आहे. द्रोण आणि द्रुपद भरद्वाजांच्या आश्रमात बरोबर वाढले. पुढे द्रुपद पांचालांचा राजा झाला आणि द्रोण दरिद्रीच राहिले. किती दरिद्री? इतर मुलांना दूध पिताना पाहून त्यांचा मुलगा अश्वत्थामा रडला, तेव्हा मुलांनी त्याला पाण्यात पीठ कालवून दिलं, आणि ते पोर दूध मिळालं म्हणून नाचलं. बापाचं काळीज फाटलं. द्रोण बालमित्राच्या दरबारात गेले आणि सख्या म्हणून हाक मारली. द्रुपद म्हणाला, राजाची आणि भिकाऱ्याची मैत्री कसली? मैत्री बरोबरीच्यांत होते.

एका वाक्याची किंमत किती झाली? द्रोण हस्तिनापूरला गेले, कौरव-पांडवांना शिकवलं आणि गुरुदक्षिणेत द्रुपदाला बांधून मागितलं. अर्जुनानं तो आणून दिला. द्रोणांनी त्याचं अर्धं राज्य घेतलं आणि अर्धं परत दिलं, म्हणाले, आता आपण बरोबरीचे झालो, आता मैत्री होऊ शकते. झाली का? कशी होणार? द्रुपदानं द्रोणांना मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणांनी द्रुपदाला मारलं, आणि त्याच दिवशी द्रुपदाच्या मुलानं, धृष्टद्युम्नानं, द्रोणांचं मस्तक उडवलं. पुढे अश्वत्थाम्यानं रात्री झोपेतल्या धृष्टद्युम्नाला मारलं. एका बाकावर बसलेले दोन विद्यार्थी, आणि शेवट हा. इथं बरोबरी साधली गेली होती, हे ध्यानात घ्या. राज्य अर्धं-अर्धं वाटून झालं होतं. बरोबरी झाली, मैत्री परत आली नाही.

आता चौथा मुद्दा. हे थांबवायचं कुणी?

आपली सगळी शिकवण मागे पडलेल्यासाठी असते. अंथरूण पाहून पाय पसर. ऋण काढून सण करू नकोस. समाधानी राहा, दुसऱ्याच्या ताटात पाहू नकोस. या म्हणी खऱ्या आहेत, पण त्या नेहमी एकाच माणसाला ऐकवल्या जातात, ज्याच्याकडे कमी आहे त्याला. पुढे गेलेल्याला आपण काय सांगतो? काहीच नाही. त्याचं अभिनंदन करतो, शाल-श्रीफळ देतो.

मला वाटतं, आपण चुकीच्या माणसाला उपदेश करत आलो आहोत. द्रोण आणि द्रुपद यांच्यात तो क्षण कुणाच्या हातात होता? द्रोण तर आशेनं आले होते. द्रुपद सिंहासनावरून उठून दोन पावलं चालला असता, तर पुढचं सगळं टळलं असतं.

याच्या शेजारी दुसरी जोडी ठेवा. कृष्ण आणि सुदामा. हेही सांदीपनींच्या आश्रमातले वर्गमित्र, इथंही एक राजवैभवात आणि एक फाटक्या वस्त्रात. सुदामा द्वारकेला आला तेव्हा कृष्ण धावत आला, मिठी मारली, पाय धुतले, हे आपण सगळे सांगतो. पण त्यानंतर त्यानं काय केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. सुदाम्यानं लाजून लपवलेली पोह्यांची पुरचुंडी कृष्णानं स्वतः ओढून घेतली आणि खाल्ली. द्यायच्या आधी त्यानं मित्राकडून घेतलं. आणि दिलं ते दरबारात सगळ्यांसमोर दिलं नाही. सुदामा रिकाम्या हातानं निघाला आणि घरी पोचल्यावर त्याला कळलं. पुढे असलेल्यानं मागे असलेल्याला कसं वागवावं, याचा इतका नेमका धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

कुणी म्हणेल, कष्टानं मिळवलेलं लपवायचं का? मुळीच नाही. आयुष्यभर राबलेल्या माणसानं बंगला बांधावा, गाडी घ्यावी, मुलीचं लग्न हौसेनं करावं. त्याच्या आनंदाला माझा विरोध नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्याच्या हातात वरची जागा आहे, त्याच्याच हातात ही चढाओढ थांबवण्याची ताकद आहे. मागचा माणूस साधेपणानं राहिला तर लोक त्याला ऐपत नाही म्हणतात. पुढचा माणूस साधेपणानं वागला तर तो रिवाज होतो, आणि त्याच्यामागच्या दहा जणांची सुटका होते.

करायचं काय? तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, खरा आकडा सांगा. मित्राला बंगला दाखवायला नेलं, की त्यावरचं कर्जही सांगा, हप्ता किती वर्षं आहे तेही सांगा. मुलगा परदेशात आहे हे सांगितलंत, तर तो तिथं एकटा पडला आहे हेही सांगा. तुमचं न दिसणारं अर्धं आयुष्य मित्राला दिसलं, की तो आपलं सगळं आयुष्य तुमच्या अर्ध्याशी ताडून पाहणं थांबवेल. आणि जामीनकीवर सही घेण्याआधी तर हे सांगणं कर्तव्यच आहे.

दुसरी, एकत्र करायच्या गोष्टींची वर्गणी सर्वांत कमी ऐपतीच्या मित्राला झेपेल अशी ठेवा. दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरतं. व्हॉट्सअॅपच्या गटावर पहिला संदेश येतो, रिसॉर्ट बघू या, एका रात्रीचा मुक्काम, सगळ्यांना सारखे टी-शर्ट. हा संदेश कोण टाकतो? ज्याला परवडतं तो. लगेच अंगठे उमटतात. आणि चार-पाच जण काही लिहीत नाहीत. ‘कामात असतील’ असं आपण म्हणतो. ते कामात नसतात. ते हिशेब करत असतात. त्यातला कुणी वडापाव विकतो, कुणाची सोयाबीन पावसानं गेली, कुणाची कंपनीतली नोकरी सुटली. तेच स्नेहसंमेलन शाळेच्या पटांगणात, पिठलं-भाकरीवर होऊ शकतं. पण ही सूचना त्यांनी केली तर त्यांची परिस्थिती उघडी पडते. म्हणून ती सूचना तुम्ही करायची, ज्यांना रिसॉर्ट परवडतं त्यांनी.

तिसरी, आपल्या घरचं एक तरी कार्य ऐपत असताना साधेपणानं करून दाखवा. फुल्यांनी नुसता लेख लिहिला नाही, लग्न लावून दाखवलं. गाडगेबाबांनी नुसतं कीर्तन केलं नाही, स्वतःच्या घरचं बारसं बदललं. आणि ते केल्यावर त्याचा गाजावाजा करू नका, साधेपणाचीही स्पर्धा लावू नका.

थोडक्यात सांगतो. बरोबरी आपण परक्याशी करत नाही, आपल्याच माणसाशी करतो. तीत पैसा जातो आणि क्रम तिथंच राहतो. पैशाच्या आधी खरं बोलणं जातं, आणि खरं बोलणं गेलं की मित्र जातो. आणि हे थांबवण्याची जबाबदारी मागे पडलेल्याची नाही, पुढे गेलेल्याची आहे.

या सभागृहात ज्यांच्याकडे थोडं जास्त आहे, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. या आठवड्यात, ज्या मित्रानं बरेच दिवस फोन केलेला नाही त्याच्या घरी जा. त्याला तुमच्या घरी बोलावू नका, तुम्ही त्याच्याकडे जा. तो जे देईल ते खा. आणि तुमची एक अडचण त्याला सांगून त्याचा सल्ला मागा.